ड्राय बाल्कनीतला तवा

समस्त मानवजातीस कळविण्यात येते की, कोंबडी आधी की अंडं आधी, या पुरातन प्रश्नाचा निकाल कोथरूडमधल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, गेल्या रविवारी दुपारी, जेवणाच्या ऐन वेळी लागलेला आहे. विद्वानांनी चर्चा थांबवून आपापल्या घरी जावे. निकाल माझ्याविरुद्ध गेला आहे आणि मी तो अजून मान्य केलेला नाही.

आमच्या घरात अंडं मी आणलं. हा इतिहास आहे. मुलगी लहान असताना डॉक्टर म्हणाले, "हिला अंडं द्या," आणि मी दवाखान्यातून थेट दुकानात जाऊन अर्धा डझन घेऊन आलो. मुलीनं पहिलाच घास थुंकला. औषध वाया जाऊ नये म्हणून मी खाल्लं, ते आजतागायत खातो आहे. माझ्या आईनं विरोध केला नाही. तिनं फक्त सीमा आखून दिली. अंडी फ्रिजमध्ये यायची नाहीत, ओट्यावर तर नाहीच नाही. मागच्या ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी एक विजेची शेगडी, एक तवा, एक उलथनं आणि एक ताटली, एवढा माझा संसार. तुळस पुढच्या बाल्कनीत, मी मागच्या. वीसेक वर्षं मी धुण्याच्या पावडरच्या वासात ऑम्लेट खाल्लंय हो! पाऊस आडवा आला की डाव्या हातात छत्री, उजव्या हातात उलथनं. समोरच्या इमारतीतल्या काकू माझी दया येऊन खिडकी लावून घ्यायच्या.

आणि मग मुलीचं लग्न ठरलं. मुलगा नागपूरकडचा, नोकरी खराडीला, स्वभाव गोड. रविवारी तो पहिल्यांदा जेवायला येणार होता. मी श्रीखंड आणावं की बासुंदी या विचारात, तेवढ्यात आई शांतपणे म्हणाली, "त्याच्यासाठी चिकन करा."

मला वाटलं माझे कान गेले.

"कुठे करा?"

"कुठे म्हणजे? गॅसवर. जावयाचं जेवण काय बाल्कनीत शिजवायचं?"

मी उभा राहिलो. असल्या गोष्टी बसून बोलायच्या नसतात. "आई, या घरात अंडं आधी आलं. तेव्हा आधी माझा तवा आत येईल, त्याच्या मागून कोंबडी."

"तुझा तवा येणार नाही. कोंबडी काय, आज येईल, उद्या जाईल. तुझं अंडं रोजचं आहे."

"अहो, आता वाद घालू नका," बायको म्हणाली. "जावई येऊन जाऊ दे, मग काय ते बघू."

म्हणजे वीस वर्षं दाराबाहेर मी उभा, आणि कालचं आलेलं कार्टं थेट ओट्यावर! शनिवारची रात्र मी तळमळत काढली.

रविवारी बायकोनं मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवून, व्हिडिओ बघत बघत चिकन शिजायला घातलं. भांडं कुठलं, तर सणासुदीला आमटीसाठी काढतो ते! जावई आला, सगळ्यांच्या पाया पडला आणि हात धुवायला म्हणून चुकून ड्राय बाल्कनीत गेला. तिथली शेगडी, तवा, ताटली नीट न्याहाळून बाहेर आला.

"बाबा, तिथं कोणी भाड्यानं राहते का जी?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यांदा आई हसली. ते मी लक्षात ठेवलं.

मग तिनं स्वयंपाकघरात जाऊन भांड्यावरचं झाकण उचललं, आत डोकावली आणि सुनेला म्हणाली, "अगं, मांडीचे तुकडे तळाशी सार. हाडाजवळ कच्चे राहतात."

बायकोचा डाव हवेत थांबला. मुलगी नुसतीच "आजी?" म्हणाली.

"आई," मी म्हणालो, "हाडाजवळ काय कच्चं राहतं ते तुला काय माहीत?"

"ऐकलंय कुठेतरी."

"कुठे? भजनी मंडळात?"

"विषय वाढवू नकोस. पाहुणा बाहेर बसलाय."

पण मी आता थांबणार नव्हतो. छत्रीखालचं एकेक ऑम्लेट माझ्या डोळ्यांपुढे उभं होतं. "विषय वाढणारच! मी आणलं म्हणून या घराला अंडं कळलं. माझ्या आधी इथे कुणी असल्या पदार्थाचं नावही काढलं नव्हतं. आधी अंडं आलं, मग कोंबडी, आणि आज माझा तवा या ओट्यावर..."

आईनं झाकण दणकन आदळलं. बाहेर जावई दचकून उभा राहिला.

"काय रे सारखं अंडं आधी, अंडं आधी! तुझे वडील कॅम्पातल्या हॉटेलातून डबा भरून आणायचे, त्यात काय श्रीखंड असायचं? अरे, तू पोटात होतास तेव्हा डोहाळेच कोंबडीचे लागले होते मला!"