बाहेरून कुलूप, आत आम्ही दोघी

मैत्रिणींनो, आज मोशीत आमच्या बिल्डिंगखाली अग्निशमन दलाची नवी गाडी दाखवायला आणली होती. मी माझ्या छकुलीला घेऊन पहिल्या मजल्याच्या खिडकीतून बघत होते.

मला एकटीला भीती वाटते, म्हणून हे शिफ्टला जाताना बाहेरून कुलूप लावून जातात. मीच सांगितलंय तसं.

खाली एका जवानाने नव्या कटरने कुलूप कापून दाखवलं. मी वरून ओरडले, "दादा, आम्हाला बाहेरून कुलूप असतं. आग लागली तर आमचंपण कापाल ना?"

"लगेच कापू ताई! पण कुलूप बघून आम्हाला घर रिकामंच वाटणार. आत तुम्ही आहात हे सांगणार कोण?"

मला शेजारचं एकही नाव सुचेना. सहा महिने झाले इथं येऊन.

तुमच्या शेजारी कुलूप दिसलं, तर एकदा दार वाजवून बघाल का?