उसाला गवत म्हणणारा खेळ

देवळाली प्रवरेतले आमचे शेजारी रोज सकाळी गोठ्याच्या पायरीवर मोबाईल घेऊन बसतात. त्यांच्या त्या खेळात विश्वकोशातला एक लेख झाकलेला असतो. अंदाजाने शब्द टाकत गेलं की तो थोडा थोडा उघडतो, आणि विषय ओळखायचा असतो. कुणी डोकावलं की ते पंजाने मोबाईल झाकतात. "सांगायचं न्हाई हां, सर."

परवा 'उंच वाढणारे गवत' एवढं उघडलं. त्यांनी हरळी, कुंदा, लव्हाळा, सगळं टाकून पाहिलं. शेवटी वैतागून उत्तर बघितलं, तर ऊस. जन्मभर ऊस लावलेला माणूस चहा तसाच ठेवून माझ्या दारात आला.

"सर, तुमी कॉलेजात झाडंपानंच शिकवता ना? मग सांगा, ऊस गवत हाय का?"

"आहे," मी म्हणालो. "गवताच्याच कुळातला."

ते तसेच माघारी वळले. संध्याकाळी मात्र मला आग्रहाने शेतात नेलं आणि कोयत्याने एक कांडं सोलून हातात दिलं. मी चघळू लागलो. रस हनुवटीवर ओघळला, तेव्हा त्यांनी अगदी मायेने विचारलं,

"वैरन गोड हाय ना, सर?"