कुलूपवाली आणि टाचणीबाई

टाचणीबाईंचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकात. वसतिगृहातले सगळे पाठीमागं त्यांना टाचणीच म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. आवडतही होतं. माहेरी त्या फटकळ, सासरी आगाऊ, आणि आधीच्या शाळेत तर 'तुम्ही फार बोलता' म्हणून त्यांना नारळच मिळाला. स्वमग्न मुलांच्या या निवासी शाळेत मात्र त्यांचे केस पिकले. कारण साधं. इथल्या पोरांवर टोमणा वायाच जायचा. एकदा वैतागून त्या म्हणाल्या, "बसा आता माझ्या डोक्यावर!" तर एक आडदांड पोरगा खरोखर त्यांच्या खुर्चीवर चढला. तेव्हापासून बाईंनी वाटणी करून टाकली. सरळ बोलणं पोरांना, वाकडं मोठ्यांना.

मोठ्यांत पहिला मान संचालकसाहेबांचा. साहेबांचं आधी फर्निचरचं दुकान. 'प्रत्येक मुलासाठी वेगळा आराखडा' असं त्यांनी फाटकावर सोनेरी अक्षरांत लिहून घेतलं होतं. आत मात्र त्यांना मुलं एका मापाच्या खुर्च्यांसारखी ओळीत लागत. मोठे पाहुणे यायचे ठरले आणि साहेबांच्या डोक्यात किडा वळवळला. कुलूपमुक्त वसतिगृह! सुतार लावून त्यांनी खोल्यांच्या कड्या-कोयंडे उपटले, दारं उतरवली, गुलाबी पडदे टांगले. फाटकावर कुलपाऐवजी पहारेकरी बसवला. पाहुण्यांना कसं मोकळं मोकळं वाटलं पाहिजे. पोरांना काय वाटेल, हे विचारायला सवड कुणाला होती?

पोरांत एक उंच, गप्प पोरगी होती. तिला सगळे कुलूपवाली म्हणत. संध्याकाळचं जेवण झालं की ती बाईंचा हात धरून निघे, एकेक कुलूप ओढून बघे, म्हणे "लागलं," आणि मग गाढ झोपे. दिवसभरात तोंडातून निघणारा शब्द तेवढाच. बाईंनी ही फेरी तिच्या आराखड्यातच घातलेली. आता ओढायचं काय? पोरगी पडदे ओढू लागली. पडदे खाली आले, झोप उडाली ती उडालीच.

"ही आपल्याकडं बसत नाही," साहेबांनी निकाल दिला. "बापाला बोलवा."

"बसेल कशी?" बाई म्हणाल्या. "तुमच्या दुकानातली खुर्ची थोडीच आहे ती!"

सगळा स्टाफ फिस्सकन हसला आणि साहेबांचे कान तापले. तिथंच घात झाला. एक दार कडी-कुलपासकट परत लावून भागलं असतं, पण आता साहेबांच्या नाकाचा प्रश्न झाला. बाईंनी मग जीभ आवरून विनवलं, "एकच दार, साहेब. कडी-कुलपासकट." साहेबांनी सरळ बापाला फोन लावला.

बाप आला तो नेमका पाहुण्यांच्या दिवशी. घड्याळं दुरुस्त करायचा. दुकानामागच्या खोलीत एकटाच राहायचा.

"नेतो, बाई. माझीच लेक आहे, टाकून थोडीच देणार?" तो म्हणाला. मग हळूच, "पण माझ्यामागं हिचं कोण हो?"

बाईंनी पोरीची पिशवी भरायला घेतली. 

पिशवी घेऊन ते अंगणात आले. तिथं पाहुण्यांच्या गाड्या नुकत्याच लागलेल्या. पोरीनं बापाचा हात सोडला, पहिल्या गाडीचं दार ओढलं. "लागलं." दुसरं. "लागलं."

"ए, कोण आहे रे?" ड्रायव्हर धावला.

"अहो, आवरा हिला!" साहेब किंचाळले.

एक दार उघडंच निघालं. पोरगी तिथंच थिजली. बाई ड्रायव्हरपुढं उभ्या राहिल्या. "दार लाव. किल्ली फिरव. बोलू नकोस." त्यानं निमूट फिरवली. पोरीनं ओढून पाहिलं.

"लागलं."

आणि ती समोरच्या केबिनमध्ये शिरून साहेबांच्या सोफ्यावर चपलांसकट आडवी झाली. बघता बघता घोरू लागली.

"हे काय होतं?" पाहुण्यांतल्या एका बाईंनी कुजबुजत विचारलं.

साहेबांची पापणीही लवली नाही. "हाच आमचा वैयक्तिक आराखडा!"

टाचणीबाईंच्या ओठांवर असला झणझणीत टोमणा आला होता की बस. त्यांनी तो गिळला. गोड आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "म्हणजे ती इथंच राहणार. आणि रोज संध्याकाळी साहेबांची गाडी तिच्यासाठी अंगणात थांबणार. हो ना, साहेब?"

पाहुणे कौतुकानं साहेबांकडं वळले. साहेब घाम पुसत म्हणाले, "अर्थात!"

बाप पिशवी तिथंच ठेवून एकटा परत गेला.

आता रोज तिन्हीसांजेला साहेब केबिनच्या पडद्यातून डोकं काढून कुरकुरतात, "झालं का हो हिचं? घरी जायचंय मला."

"थांबा," बाई म्हणतात, "डिकी राहिलीय."