इर्या कोस्केला सही करत नाही

पोर्ट हेलियरच्या कागद गिरणीत इर्या कोस्केलाने एकोणीस वर्षे कागदाची रिळे तपासली. गिरणी बंद झाली त्या दिवशी कंपनीच्या वकिलाने जेवणाच्या सभागृहात एक निवेदन वाचून दाखवले. 'कारण', 'म्हणून', 'अर्थातच' अशा शब्दांनी ते इतके घट्ट विणलेले होते की चारशे माणसे मुकाट ऐकत राहिली. त्यात खोट आहे हे इर्याला कळत होते. नेमकी कुठे, ते बोट ठेवून सांगता येत नव्हते. तो संताप तिने विझू दिला नाही. एकावन्नाव्या वर्षी तिने विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या पदवीसाठी नाव घातले. पहिल्याच वर्षी तर्कशास्त्र सक्तीचे होते. तिला तेच हवे होते.

पहिल्या आठवड्यात डॉ. लेनर्ड प्रुइट यांनी फसव्या युक्तिवादाचे उदाहरण मागितले. विशीतली मुले एकमेकांकडे पाहू लागली. इर्या म्हणाली, "संप असला की गिरणीचा भोंगा वाजत नाही. आज भोंगा वाजला नाही. म्हणून आज संप आहे."

"यात चूक काय?"

"गिरणीच विकून खाल्ली असेल की कोणी."

वर्ग हसला. इर्या हसली नाही.

प्रुइट यांची शिस्त कडक होती. सिद्धतेच्या प्रत्येक ओळीला क्रमांक, आणि उजवीकडे ती ओळ कोणत्या नियमाने आली त्याची नोंद. नोंद नसेल तर चार गुण गेलेच. शिवाय सिद्धता शेवटाकडून मागे बांधायची, ही त्यांची खास रीत. हिवाळाभर इर्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर राय धान्याचा पाव आणि काळी कॉफी घेऊन बसे आणि त्या रीतीने पाने भरून काढी. एखादी सिद्धता सुटली की ती वकिलाच्या नावाने एक शिवी हासडी आणि पुढची घेई.

एप्रिलमध्ये घरी सोडवायची परीक्षा झाली. कोणाशी चर्चा केली असेल तर त्याचे नाव पानाच्या माथ्यावर लिहायचे, असा विभागाचा दंडक होता. इर्याने लिहिले, 'कोणाशीही नाही.' दहा दिवसांनी प्रुइट यांनी तिला खोलीवर बोलावले.

"सातव्या प्रश्नाचं तुमचं उत्तर आणि ब्रॉनी हॅडलीचं उत्तर," त्यांनी दोन कागद शेजारी ठेवले, "अकराच्या अकरा ओळी तंतोतंत सारख्या आहेत. बाकी कोणाला तो पुरता सुटलेलाच नाही."

ब्रॉनी तिच्या दोन बाक मागे बसणारी, शिष्यवृत्तीवर शिकणारी वीस वर्षांची मुलगी. थंडी किती पडलीय यापलीकडे त्या दोघी कधी बोलल्या नव्हत्या.

"ब्रॉनीनं सकाळीच सही केलीय." प्रुइट यांनी तसाच एक अर्ज पुढे सरकवला. 'आम्ही दोघींनी मिळून सोडवले.' "तुम्हीही करा. दोघींना निम्मे गुण, दोघी पास, विषय संपला. नाहीतर हे समितीपुढे जाईल. निकाल लागेपर्यंत तुमचे गुण अडकतील आणि पुढच्या वर्षाचा प्रवेशही."

बावन्नाव्या वर्षात पाऊल ठेवलेल्या बाईला एक वर्ष म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक असावे. आवाज म्हणूनच त्यांनी मऊ ठेवला होता.

"नक्कल केली तर उत्तरं सारखी येतात," इर्या म्हणाली. "उत्तरं सारखी आहेत. म्हणून नक्कल केली. असंच ना?"

"इर्या, मी वर्गात नाहीये आत्ता. इथं खात्री लागत नाही, शक्यता पुरते. दोघींना अकरा ओळी तशाच सुचण्याची शक्यता किती?"

"तेच विचारतेय मी. किती?"

"फारच कमी."

"मोजलीत?"

प्रुइट यांनी तो प्रश्न स्वतः कधी सोडवलाच नव्हता. पेपर त्यांच्या सहायकाने काढला होता, तपासलाही त्यानेच.

इर्याने दोन्ही कागद पालथे घातले, कोरा कागद काढला, त्यावर सातवा प्रश्न पाठ असल्यासारखा उतरवला आणि पेन त्यांच्यापुढे धरले. "सोडवा."

"हे काय चाललंय?"

"चाळीस जणांना तुम्ही एकच पायवाट शिकवलीत, आणि आता विचारताय की पाऊलखुणा सारख्या कशा! सोडवा म्हणते ना. तुमच्याच रीतीनं, शेवटाकडून."

त्यांनी चष्मा पुसला. हसण्यावारी नेता येईल का, हे एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहून अजमावले. मग लिहू लागले. पाच-सात मिनिटे खोलीत पेनाची कुरकुर तेवढी चालू होती. त्यांनी अकराव्या ओळीखाली रेघ मारली, तेव्हा इर्याने पालथे कागद उलटले आणि तिन्ही ओळीने मांडले.

"बघा. तुम्ही कोणाची नक्कल केलीत, प्रोफेसर? माझी की तिची?"

त्यांची मान लाल झाली. तिन्ही कागद गोळा करत ते म्हणाले, "ठीक आहे. तुमच्यापुरती तक्रार मी मागे घेतो. पूर्ण गुण मिळतील."

"माझ्यापुरती?"

"ब्रॉनीनं स्वतः लिहून दिलंय. मी जबरदस्ती केली नव्हती."

इतका वेळ ताब्यात ठेवलेला इर्याचा आवाज तिथे फुटला. "शिष्यवृत्ती जाईल म्हणून ती पोर घाबरली, आणि न घडलेली गोष्ट तिनं कबूल केली! तुम्ही ती फाइलला लावलीत. आणि तिनं 'दोघींनी' लिहिलंय. त्यातली दुसरी मी. तो कागद खरा असेल तर मी खोटी. दोन्ही एकदम उभं राहत नाही, हे तुम्हाला मी सांगायचं?"

"अर्ज कार्यालयात गेलाय. उद्या बघतो."

"आज बघा." तिने खुर्ची ओढली आणि बसली. "मला घाई नाही."

प्रुइट यांनी फोन उचलला. "हॅडलीचा अर्ज... हो, सकाळचा. परत पाठवा. नाही, नाही, चूक तिची नाहीये."

"मग कोणाची," इर्या म्हणाली, "तेही सांगा त्यांना."