पाचव्या मजल्यावरचे नवे शेजारी

टेम्पो सुरू झाला तेव्हा अख्खी लाइन बाहेर येऊन हात हलवत होती. अंबरनाथच्या फॅक्टरी क्वार्टर्समधून आम्ही चाललो होतो बदलापूरला, म्हणजे जेमतेम एक स्टेशन पुढे. पण शेजारच्या मावशी अशा रडत होत्या, जणू आम्ही दुबईला निघालोय. अप्पा रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं, एवढंच झालं होतं. मी अकरा वर्षांची होते आणि त्या रडारडीत मनातून खूश होते. लाइनीतल्या तुम्हा कुणाला हे तेव्हा सांगितलं नाही, म्हणून आज लिहिते.

खूश होते ती पिक्चरमुळे. रविवारी दुपारी टीव्हीवर हिंदीत डब केलेले फॅमिली पिक्चर लागायचे आणि त्यातले मला नव्या शेजाऱ्यांचे फार आवडायचे. दारात ट्रक थांबतो, खोकी उतरतात, समोरच्या खिडकीतून एक मुलगी टकामका बघते. पाच मिनिटांत कुणीतरी खायला घेऊन येतं आणि शेवटी दोन्ही घरं एका टेबलावर जेवतात. क्वार्टर्समध्ये शेजारी जन्मापासूनचेच, त्यामुळे ही मजा माझ्या वाट्याला कधी आलीच नव्हती. आता नवे शेजारी आपणच!

पाचव्या मजल्यावर चार दारं होती आणि आमचं सोडून तिन्ही बंद. मी वाढदिवसाचा फ्रॉक घालून दाराजवळच्या खोक्यावर बसून राहिले. बेल वाजली ती तिसऱ्या दिवशी. समोरच्या काकू होत्या. हसतमुख. "फॅक्टरीत होते का मिस्टर? वा, छान," असं बोलता बोलता त्यांची नजर भिंतीवर गेली. अप्पांनी सामान लावायच्या आधी बुद्धांची तसबीर लावली होती. "अच्छा," काकू म्हणाल्या. मग त्यांना एकदम गॅसवरचं दूध आठवलं.

दुसऱ्या दिवशी आईने तांदळाची खीर केली आणि डबे भरून मला घेऊन निघाली. एका दाराला कुलूप होतं. शेजारी उल्हासनगरहून आलेल्या सिंधी भाभी होत्या, त्यांनी दारात उभ्या उभ्याच चाखली. "दीदी, एकदम बढिया!" काकूंनीही डबा घेतला, "कशाला त्रास" म्हणाल्या.

संध्याकाळी मी दुकानात जायला खाली उतरले तर गेटपाशी म्हातारे वॉचमनमामा खुर्चीत बसून खीर खात होते. डब्यावर आईचं नाव कोरलेलं होतं. "समोरच्या काकूंनी दिली तुमच्या," ते म्हणाले. "झकास झालीय."

रिकामा डबा घेऊन मी रडत वर आले. अप्पा म्हणाले, "जाऊ दे. इथे कुणाला कुणाचं काय पडलंय? आपण आपलं दार लावून राहू."

"दार लावून बसायला घर घेतलं नाही," आई म्हणाली आणि धुतलेला डबा हातात घेऊन समोर गेली. मी तिच्या मागे.

"काकू, डबा मिळाला हं. खीर वॉचमनमामांना आवडली. तुम्हाला नको असेल तर घेतानाच सांगा, मला राग येणार नाही. पण मी विचारत राहणार."

काकूंचा चेहरा पडला. "अहो, तसं काही नाही... मला शुगर आहे ना."

"बरं. मग पुढच्या वेळी तिखट करते."

त्या रविवारपासून आईने दुपारी दार सताड उघडं ठेवलं, पिक्चर लावला आणि आवाज वाढवला. पहिल्यांदा भाभींची दोन मुलं आली, मग काकूंचा नातू. त्याला न्यायला काकू आल्या, तो हलेना. "आत या ना," आई म्हणाली. "नको, इथेच बरी आहे." पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःची प्लास्टिकची खुर्ची आणली आणि उंबऱ्यावर मांडली, दोन पाय आत, दोन बाहेर. कितीतरी महिने ती तिथेच होती. मला हसू यायचं. आई दटावायची, "हसू नकोस. आल्यात ना?"

मग मे महिन्यात एका दुपारी, पिक्चर अर्ध्यावर असताना, काकू म्हणाल्या, "जरा पाणी देता का?" त्यांचं स्वतःचं घर चार पावलांवर होतं. आईने पेला भरून दिला. काकूंनी तो पूर्ण प्यायला, परत दिला आणि पुन्हा टीव्हीकडे बघू लागल्या. आई पेला घेऊन आत गेली. धूत असेल असं मला वाटलं, पण नळाचा आवाज आला नाही. बऱ्याच वेळाने बाहेर आली ती डोळे पुसून.

त्या बिल्डिंगमध्ये सगळं गोड झालं असं नाही. दुसऱ्या मजल्यावरचे अजून आमच्याकडे पाणी घेत नाहीत. आई अजून विचारते.

मी आता हैदराबादला नोकरी करते. गेल्या महिन्यात भाड्याचं घर शोधत होते. दोन ठिकाणी आडनाव विचारलं, मग "सोचके बताते हैं" म्हणाले आणि फोन आलाच नाही. ब्रोकर म्हणाला, "मॅडम, थोडा अ‍ॅडजस्ट करो, कुछ और बोल दो." मी नाही म्हटलं. तिसऱ्या घरी मालकाने विचारायच्या आधी मीच सगळं सांगितलं. किल्ली मिळाली.

परवा सामान लावून आईला फोन केला.

"घर मिळालं?"

"मिळालं."

"शेजारी कोण आहेत?"

"अजून माहीत नाही गं. दारं बंद असतात."

"मग मिळालं कसं म्हणतेस?"

मी फोन ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि समोरची बेल वाजवली.