पडद्यावरची चेटकीण

"देवाक काय माथ्याक?" फुलं घ्यायला गेलं की ती आधी हे विचारायची. देवासाठी सुटी फुलं पानात बांधून, माथ्यासाठी अबोलीचा वळेसर. मी रोज शाळेतल्या सरस्वतीसाठीच घ्यायचो. तरी ती रोज विचारायची.

कोरगावात आमच्या शाळेच्या फाटकाजवळ ती बसायची. साठी उलटलेली, एकटी विधवा. जुन्या पद्धतीने कासट, म्हणजे काष्ट्याचं लुगडं, नेसणारी आमच्या वस्तीतली ती शेवटचीच. एकदा तिच्या शेजारणीची सून तिच्याकडचा वळेसर माळून गेली आणि दुसऱ्या दिवशी तापाने फणफणली. तेव्हापासून शेजारीण तिच्याबद्दल हळू आवाजात काहीबाही बोलू लागली होती. कोणी फारसं मनावर घेतलं नव्हतं.

मग स्नेहसंमेलन आलं. मी चित्रकला शिकवतो. मुलांच्या नाटकासाठी मी मागचा पडदा रंगवला. जंगल आणि त्यात चेटकीण. गोष्टीच्या पुस्तकातली टोकदार टोपी आमच्या मुलांना परकी, म्हणून मी तिला कासट नेसवली. प्रयोग सुरू झाला आणि मागून कोणीतरी म्हणालं, "ही तर आमची फुलवाली." सगळे हसले. शेजारीण हसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मुली वेण्यांवर हात धरून तिच्यासमोरून पळू लागल्या. आठवडाभरात बायकाही यायच्या थांबल्या. मी माफी मागायला गेलो.

"पयलां माका दाखवा," ती म्हणाली.

सभागृहात पडद्यासमोर ती बराच वेळ उभी होती.

"नाक माजां न्हय."

"नाही, माझं आहे. आरशात बघून काढलं."

"आणि कापड?"

"ते तुमचं," मी म्हणालो.

"मगे ह्यां सगळां पोरांक सांगा, मास्तरांनू."

सांगितलं. प्रार्थनेनंतर पडद्याशेजारी बाजूला तोंड करून उभा राहिलो. मुलं पोट धरून हसली. चार मुली त्याच दिवशी तिच्याकडे गेल्याही. पण त्यांच्या आयांनी ते वळेसर घरात घेतले नाहीत. गणपतीच्या चवथीलासुद्धा फुलं टोपलीतच सुकली, तेव्हा ती बहिणीकडे चोपडे गावी निघून गेली.

पुढच्या उन्हाळ्यात मी तिला भेटायला गेलो. परत या म्हणालो.

"कित्याक?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता.

चहा झाल्यावर ती मला बसपर्यंत सोडायला आली. वाटेत दोन बायका भेटल्या. "गुडघो कसो आसा?" त्यांनी विचारलं. ती थांबली आणि गुडघ्याची सगळी हकीकत सांगू लागली. कुठलं तेल, कोणी दिलं, कुठे दुखतं. समोरून माझी बस गेली. मी तिचं बोलणं थांबवलं नाही.