जायलोसीचं पहिलं मयत

नामिंगा गावात आजारी पडायचंच असेल तर मंगळवार सोडून पडावं, असं तिथले पुरुष म्हणत. मंगळवारी फालेसी सेवेला निघायची.

फालेसी चर्चच्या महिला संघाची म्होरकी. तिची सेवा म्हणजे काही हळुवार फुंकर नव्हे. तापानं फणफणलेल्या माणसाला ती आधी उठवून बसवी, त्याची घोंगडी उन्हात टाकी, घर झाडी, झाडताना कोपऱ्यात सापडलेल्या बाटलीवरून त्याला चार शब्द ऐकवी आणि मग डोळे मिटून अशी खणखणीत प्रार्थना करी, की मुलांजे डोंगरावरच्या माकडांनाही त्याच्या पोटाची तक्रार कळावी. माणसं बरी होत. निम्मी औषधानं, निम्मी पुढच्या मंगळवारच्या धास्तीनं.

वर्षातून एकदा संघ दूरच्या सेवेलाही जाई. नदीकाठच्या सखल मुलखात पूर येऊन गेला, की या बायका लॉरीत उभ्या राहून, गाणी म्हणत तिकडे जात. फालेसीला लॉरी लागे. जाताना वाटभर ओकायची, पण उतरली की कमरेचं कापड घट्ट आवळून अनोळखी विधवांच्या झोपड्या शाकारायची, त्यांना मक्याचा उंडा कसा घोटावा हे न विचारता शिकवायची आणि येताना कुणीतरी दिलेली कोंबडी काखेत घेऊन परतायची. "देवाच्या कामाला गेलेलं माणूस रिकाम्या हातानं येत नसतं," असं म्हणायची.

अशी ही बाई, नदी ओलांडून परक्यांच्या झोपड्या शाकारणारी. पण तिच्या घरापासून हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर तिचा सख्खा थोरला भाऊ जायलोसी एकटा राहत होता, आणि त्याच्या अंगणात तिनं कित्येक वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

भांडण सायकलचं होतं. फालेसीच्या नवऱ्यानं, मोफातनं, जायलोसीची सायकल मागून नेली आणि चहाच्या मळ्याच्या चरात घातली. जायलोसी चार माणसांत म्हणाला, "याच्या हाती हातगाडीसुद्धा देऊ नये." मोफातला ते लागलं. मेव्हण्या-मेव्हण्यांचं बोलणं बंद झालं. एवढंच असतं तर भांड्याला भांडं लागलं म्हणून सोडून देता आलं असतं. पण पुढे मोफात वारला आणि जायलोसी मयताला आला नाही.

आता, लग्नाला न येणाऱ्याला नामिंगात माफी आहे. बाप्तिस्म्याला न येणाऱ्यालाही आहे. मयताला न येणाऱ्याला नाही. आणि बहिणीच्या घरी मयत झालं की खड्ड्याशी उभं राहून दोन शब्द बोलायचे ते भावानं. त्याच्यासाठी खुर्ची ठेवली होती. ती रिकामी राहिली. माती लोटून झाल्यावर फालेसीनं त्या खुर्चीकडे बोट दाखवून सगळ्या गावादेखत सांगितलं, "याच्या अंगणात मी आता याच्या मयतालाच पाय ठेवीन!"

रागाच्या भरात बोललेलं माणूस विसरतं, गाव विसरू देत नाही. फालेसीला ती शपथ कधीचीच जड झाली होती. जायलोसी खोकायला लागला तशी ती रात्री कान देऊन पडे, आणि खोकला थांबला की जास्तच घाबरे. दर आठवड्याला ती तुरीचं भांडं आपल्या मदतनीस एलुबेच्या हाती त्याच्याकडे पाठवायची.

"माझं नाव काढायचं नाही."

"मी नाही काढत, अक्का," एलुबे म्हणे. "मीठच काढतं. एवढं मीठ गावात दुसरं कोण घालतंय?"

त्या वर्षी थंडीतल्या भुरभुर पावसात पाहुणे आले. स्कॉटलंडातल्या कुठल्याशा गावातल्या चर्चशी नामिंगाच्या चर्चची मैत्री होती, आणि अधूनमधून तिकडचे सेवेकरी इकडे येत. ते शाळेची भिंत रंगवत. ओल्या रंगाला पोरं चिकटू नयेत म्हणून तेवढे दिवस शाळा बंद असे, त्यामुळे पोरांचा या सेवेवर फार जीव होता. पाहुणे दोन आठवडे सेवा करत, आणि त्यांना ती करता यावी म्हणून गाव दोन आठवडे त्यांची सेवा करी: अंघोळीचं पाणी तापव, प्यायचं पाणी उकळ, कोंबड्या काप. कुणाची तक्रार नव्हती. पाहुणा हसतोय ना, मग झालं.

त्यांची पुढारी मोराग नावाची पांढऱ्या केसांची, हाडापेरानं मोठी बाई होती. जन्मभर परिचारिका होती म्हणे. फालेसीला ती आवडली, कारण तिला कोंबडी एका झटक्यात मारता येत होती. मोराग डोळे उघडे ठेवून सगळं बघायची आणि बघितलं तसं करायची. घोळ तिथेच झाला.

कारण पाहुणे आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात गावात दोन मयतं झाली. पाहुणे दोन्हींना गेले. त्यांनी काय पाहिलं? संघाच्या बायका काळा स्कर्ट, पांढरं पोलकं आणि डोक्याला पांढरं फडकं अशा गणवेशात ओळीनं निघतात. प्रत्येकीच्या डोक्यावर एक लाकूड, हातात ताटभर मक्याचं पीठ. वाटेनं एक संथ गाणं म्हणतात. मोरागनं मनाशी गाठ बांधली, की इथे कुणाच्या घरी जायचं तर असं जायचं. ते गाणंही पाहुण्यांनी पाठ केलं. दुसरं त्यांना एकही येत नव्हतं.

मग एका सकाळी पाळक लिकाग्वा फालेसीच्या दाराशी आले.

"फालेसीबाई, पाहुण्यांना आज आजाऱ्यांच्या भेटीला जायचंय."

"न्या की. खालच्या आळीत तिघं पडलेत."

"तिघंही उठले. तुम्ही मंगळवारी जाऊन आलात ना."

"मग कोण राहिलं?"

पाळकांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "जायलोसी."

"कोण जायलोसी?"

"बाई, सख्खा भाऊ आहे तुमचा."

"असं होय? मोफातच्या मयताला तर दिसला नाही."

"तो खोकतोय हो. फार खोकतोय."

"ठाऊक आहे मला खोकतोय ते!" ती एकदम ओरडली, आणि मग खाली बघून म्हणाली, "मी दोन घरांमधल्या आंब्याच्या झाडापर्यंत येईन. पुढे एलुबे नेईल. शपथ म्हणजे शपथ."

पाळक जाताना म्हणाले, "गणवेश घाला हं सगळ्या. पाहुण्यांना फोटो काढायचाय."

अशी ती मिरवणूक निघाली. गणवेशातल्या बायका, आणि त्यांच्यामागे डोक्यावर लाकडं नि हातात पिठाची ताटं सावरत सहा गोरे पाहुणे. एलुबेनं लाकडं पाहिली. तिला वाटलं, सांगावं. पण पाहुण्यानं प्रेमानं आणलेली वस्तू परत ने म्हणायची म्हणजे कसं दिसतं? ती गप्प बसली. फालेसीनं पाहिली असती तर तिथल्या तिथे लाकडं खाली ठेवायला लावली असती, पण तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. ती आंब्यापर्यंत आली, बुंध्याला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "व्हा पुढे." मोरागनं तिच्याकडे पाहिलं, काहीतरी समजल्यासारखी मान हलवली आणि गाणं सुरू केलं.

बुधवारी भर सकाळी गणवेश, लाकडं, पीठ आणि ते गाणं! गाव बघत होतं. गावाला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

"जायलोसी गेला गं!" विहिरीवरच्या बाईनं घागर टाकली. चहा खुडणाऱ्या बायका टोपल्यांसकट वर आल्या. लोहारानं भाता सोडला. खड्डा खणणारे फावडी घेऊन निघाले, कारण त्या दोन मयतांनी त्यांचा हात बसला होता. जो तो पीठ, लाकूड, तुरीची मूठ, जे सापडेल ते घेऊन मिरवणुकीला जोडला जात होता, आणि पाहुण्यांना वाटत होतं, आजाऱ्याला भेटायची केवढी हौस या लोकांना!

अंगणात पोचल्यावर विहिरीवरची बाई पुढे घुसली आणि तिनं दारातून डोकावलं. भुरभुरीचा गारठा होता. जायलोसी डोक्यापासून पायापर्यंत घोंगडी ओढून, हात छातीवर घेऊन सरळसोट झोपला होता. बाईनं असा हंबरडा फोडला की विचारता सोय नाही. तिच्यामागे सगळ्यांनी.

तो हंबरडा आंब्याखाली ऐकू गेला.

आता, ही मिरवणूक फालेसीनंच काढलेली. आपण आजाऱ्याला भेटायला निघालो, हे तिच्याइतकं कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. पण त्या क्षणी ती सगळं विसरली. तिच्या मनानं एवढंच घेतलं, की बायका पोचायला आणि त्याचा जीव जायला गाठ पडली. ती धावली. डोक्याचं फडकं वाटेत पडलं. कुंपणाची फट, अंगण, कशाचं काही भान न राहता तिनं आत येऊन स्वतःला मातीत झोकून दिलं.

"दादा रे! मला न सांगता गेलास! मी मेले तिथं झाडाखाली उभी राहिले! अरे, रोज रात्री तुझा खोकला मोजायची मी! एका सायकलपायी! जळो ती सायकल, जळो माझं तोंड!"

सगळं गाव रडत होतं. मोराग घाबरून खोलीकडे धावली, नाडी बघायला. तेवढ्यात घोंगडी गुंडाळलेला जायलोसी तिच्याच खांद्याला धरून दारात उभा राहिला.

"कोण गेलं रे?" त्यानं विचारलं.

विहिरीवरची बाई केळीत पळाली. लोहारासारखा धट्टाकट्टा माणूस एलुबेच्या मागे लपला. खणणाऱ्यांपैकी एक जण मात्र शांतपणे म्हणाला, "तू."

जायलोसीनं अंगणभर नजर फिरवली. माणसं मावत नव्हती. मयताला न जाणाऱ्याच्या मयताला कुत्रं येत नाही, हे त्याला ठाऊक होतं, आणि ते मनाशी धरूनच तो इतकी वर्षं खोकत होता. "एवढी?" तो म्हणाला. "माझ्यासाठी एवढी?"

मग त्याला मातीतली बहीण दिसली.

"तू गं काय करतेस इथं? मयताला येणार होतीस ना?"

फालेसी उठून बसली. केसांत माती, नाकाला धार. "मग, मयतालाच आलेय. तुला मरता येत नाही त्याला मी काय करू?"

कुणी हसलं नाही. जायलोसी भिंतीला धरून धरून पायरीवर बसला आणि थोडा वेळ नुसताच खोकला.

"मोफातच्या वेळी मी आलो होतो," तो म्हणाला. "आंब्यापर्यंत. तुमचं गाणं ऐकू येत होतं. मी त्याला हातगाडीचं बोललो होतो, फालेसी. त्याच्या खड्ड्याशी उभं राहून काय बोलणार होतो? पाय उचललाच नाही. परत फिरलो."

आपण आत्ता ज्या झाडाला पाठ लावून आलो, तिथेच हाही उभा होता, हे फालेसीच्या ध्यानात आलं, आणि तिला भावाचा राग येण्याऐवजी त्या झाडाचा आला.

"घोंगडीला वास मारतोय," ती म्हणाली. "दे इकडे. उन्हात टाकते."

"ऊन कुठाय?"

"येईल."

आणलेली लाकडं, पीठ, तूर परत नेणं बरं दिसलं नसतं. चुली पेटल्या. मयताचं जेवण मयतासकट सगळे जेवले. जायलोसीला पहिला घास मोरागनं भरवला, आणि तो तोंडात घेऊन तो म्हणाला, "तूर आज आळणी झालीय. हिनं नाही वाटतं केली?" पाहुण्यांनी पुष्कळ फोटो काढले. तिकडे गेल्यावर त्यांनी आपल्या चर्चला सांगितलं, की नामिंगात माणूस आजारी पडला तर सगळं गाव रडत येतं. ते अगदीच खोटं नव्हतं.

त्या दिवसापासून फालेसी मंगळवारीच काय, रोजच भावाच्या अंगणात असायची. दोघं भांडायची. सायकलचा विषय निघाला की दोघंही दुसरीकडे बघत.

पुढे दोन पावसाळे काढून जायलोसी खरोखरच गेला. निरोप गेला, पण गाव हलेना. "एकदा रडलोय आम्ही," लोहार म्हणाला. "आधी कुणीतरी घोंगडी काढून बघा." बघायला माणूस गेला, त्यानं सांगितलं, मग कुठे गणवेश निघाले, लाकडं निघाली आणि ते गाणं म्हणत बायका अंगणात आल्या. तिथे फालेसी रोजच्या विटक्या कापडात, मळलेल्या हातांनी चुलीशी बसलेली होती.

"अक्का," एलुबे हळूच म्हणाली, "तुम्ही कधी आलात?"

"मी गेलेच कुठं होते?" फालेसी म्हणाली. "लाकडं तिकडं टाका. तुरीत मीठ घातलंय मी, परत कुणी घालू नका."

तूर खारट झाली होती. सगळ्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली.